झोपेसाठी दिलेली 'डिप्रेशनची गोळी': कमी डोस म्हणजे नक्की काय?

औषधशास्त्रात पीएचडी करणाऱ्या माणसाला घरचे, शेजारचे आणि हॉस्टेलमधले लोक अर्धा डॉक्टर समजतात. मी डॉक्टर नाही हे दर वेळी सांगते, तरी प्रिस्क्रिप्शनचे फोटो येतच राहतात. त्यात सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न असा असतो: "झोप येत नाही म्हणून डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन १० दिलंय. गूगल केलं तर डिप्रेशनची गोळी निघाली. मला डिप्रेशन आहे असं त्यांना वाटतंय का?"

बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच असतं. नैराश्यासाठी अमिट्रिप्टिलिन साधारण ७५ ते १५० मिलिग्रॅमपर्यंत न्यावं लागतं. १० मिलिग्रॅममध्ये नैराश्यावर उपचार होईल अशी अपेक्षा कुठलाही मानसोपचारतज्ज्ञ करत नाही. ती गोळी झोपेसाठी, मायग्रेनसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली असते. इतकं सांगितलं की विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो आणि विषय संपतो.

पण तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर विषय इथे सुरू व्हायला हवा. कारण पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही: बरं, डिप्रेशनसाठी नाही दिली, झोपेसाठी दिली. मग झोपेसाठी ती चालते हे कुणी तपासलंय का? याचं उत्तर प्रत्येक औषधासाठी वेगळं आहे. 'कमी डोसची अँटिडिप्रेसंट' हा एक गट नाहीच, सोयीसाठी एका पिशवीत भरलेली चार वेगवेगळी औषधं आहेत: डॉक्सेपिन, अमिट्रिप्टिलिन, ट्रॅझोडोन आणि मिर्टाझापिन.

डोस बदलला की औषध बदलतं

हे वाक्य फार्माकॉलॉजीच्या तासाला सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण आकडे घालून करून बघितलेलं नसतं. करून बघू.

मेंदूत जागेपण टिकवणाऱ्या ज्या यंत्रणा आहेत त्यांतली एक हिस्टामिनची. हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात ट्यूबरोमॅमिलरी न्यूक्लियस नावाचा पेशींचा छोटा पुंजका आहे. मेंदूतलं न्यूरॉनमधून येणारं हिस्टामिन जवळपास सगळं तिथूनच येतं. आपण जागे असताना या पेशी फायर होत असतात आणि झोपेत जवळजवळ गप्प असतात. त्यांचा संदेश एच-१ रिसेप्टरवर पोचतो. तो रिसेप्टर अडवला की गुंगी येते. सर्दीला किंवा अंगावर पित्त उठल्यावर अॅव्हिल घेऊन दुपारभर पेंगलेल्या कुणालाही हा प्रयोग नव्याने करायची गरज नाही.

आता जुनी ट्रायसायक्लिक अँटिडिप्रेसंट औषधं एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी चिकटतात: एच-१ वर, मस्कॅरिनिक रिसेप्टरवर (तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठता, लघवी अडणं हे तिथून येतं), अल्फा-१ वर (उभं राहिल्यावर चक्कर), आणि सेरोटोनिन व नॉरअॅड्रेनॅलिन परत आत ओढणाऱ्या ट्रान्सपोर्टरवर (ज्याचा नैराश्याशी संबंध लावला जातो). कुठे किती घट्ट चिकटतं हे विघटन स्थिरांकावरून, म्हणजे केडीवरून कळतं. केडी जितका लहान तितकी पकड घट्ट. रिशेल्सन आणि नेल्सन यांची १९८४ सालची मोजमापं आजही उद्धृत होतात. त्यांत डॉक्सेपिनचा एच-१ साठीचा केडी ०.२४ नॅनोमोलर आहे आणि मस्कॅरिनिकसाठीचा ८० च्या आसपास. अमिट्रिप्टिलिनचे तेच दोन आकडे १.१ आणि १८.

रिसेप्टर किती टक्के व्यापला जाईल याचं सूत्र तुम्हाला पाठ असेलच: संहती भागिले संहती अधिक केडी. समजा मेंदूत मुक्त औषधाची संहती ३ नॅनोमोलर आहे. डॉक्सेपिनसाठी एच-१ ची व्याप्ती ३ भागिले ३.२४, म्हणजे सुमारे ९३ टक्के. मस्कॅरिनिकची ३ भागिले ८३, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या जरा वर. हिस्टामिनचा दरवाजा जवळपास बंद आणि बाकी घराला धक्का नाही. आता अमिट्रिप्टिलिनने एच-१ तितकाच, ९३ टक्के, अडवायचा असेल तर संहती १४ नॅनोमोलरपर्यंत न्यावी लागते. तिथे मस्कॅरिनिकची व्याप्ती १४ भागिले ३२, म्हणजे जवळजवळ ४४ टक्के. शिवाय सेरोटोनिन ट्रान्सपोर्टरवर अमिट्रिप्टिलिनचा केडी ४.३ नॅनोमोलर मोजला गेलाय. म्हणजे तोही तीन-चतुर्थांश अडलेला.

हे कागदावरचं गणित आहे. खऱ्या मेंदूत संहती अशी एकसारखी नसते, आणि अमिट्रिप्टिलिनचं शरीरात नॉरट्रिप्टिलिन होतं, त्याचा हिशेब यात धरलेला नाही. पण मुद्दा कळण्याइतकं ते पुरेसं आहे. डॉक्सेपिनचा डोस कमी केला की ते औषध जवळपास फक्त हिस्टामिनविरोधी उरतं. अमिट्रिप्टिलिनचा डोस कमी केला की कमी प्रमाणातलं अमिट्रिप्टिलिनच उरतं. "कमी डोसला ही सगळी फक्त अँटिहिस्टामिनसारखी वागतात" हे वाक्य मी सेमिनारमध्येही ऐकलंय. ते एका औषधाबद्दल बरंचसं खरं आहे, ते सगळ्यांना चिकटवून टाकतात.

ज्याची नीट परीक्षा झाली ते औषध

डॉक्सेपिन नैराश्यासाठी अमेरिकेत १९६९ मध्ये मंजूर झालं. म्हणजे औषध म्हातारंच. तिथल्या एफडीएने मार्च २०१० मध्ये त्याचाच ३ आणि ६ मिलिग्रॅमचा अवतार 'सायलेनॉर' या नावाने निद्रानाशासाठी मंजूर केला, आणि तोही नेमक्या तक्रारीसाठी: मध्येच जाग येते, पुन्हा झोप लागत नाही. अंथरुणावर पडल्यापडल्या झोप लागत नाही, ही तक्रार त्या मंजुरीत नाही. हा फरक लक्षात ठेवा, कारण 'झोप येत नाही' या तीन शब्दांत किमान तीन वेगळे आजार लपलेले असतात.

मंजुरीमागच्या ट्रायलपैकी अँड्र्यू क्रिस्टल आणि सहकाऱ्यांची २०१० ची ट्रायल वाचायला घ्या. वय ६५ च्या पुढचे २४० लोक, तीन गट (१ मिलिग्रॅम, ३ मिलिग्रॅम, प्लासिबो) आणि कालावधी १२ आठवडे. मोजमाप नुसत्या प्रश्नावलीवर सोडलेलं नाही, झोपेच्या प्रयोगशाळेत रात्रभर पॉलिसोम्नोग्राफी केली आहे, म्हणजे मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, स्नायूंचा ताण सगळं नोंदवलं. झोप लागल्यानंतर जागेपणात गेलेला वेळ पहिल्याच रात्रीपासून कमी झाला. फायदा रात्रीच्या शेवटच्या भागात, पहाटेकडे जास्त दिसला. झोप लागायला लागणारा वेळ मात्र प्लासिबोच्या तुलनेत खात्रीने कमी झाला नाही.

रात्री घेतलेलं औषध पहाटे जास्त का चालतं? औषध रक्तात कमी होत जातं तसा परिणाम ओसरायला हवा. यासाठी मांडलं जाणारं स्पष्टीकरण मला आवडतं: रात्रीच्या सुरुवातीला जागं ठेवणाऱ्या इतर यंत्रणाही चालू असतात, एकट्या हिस्टामिनला अडवून भागत नाही. पहाटेकडे मात्र जागं करण्याच्या कामात हिस्टामिनचा वाटा मोठा असतो, म्हणून तिथेच अडवल्याचा फरक दिसतो. हे अजून स्पष्टीकरणच आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण एखादं औषध फक्त परिणाम न देता मेंदूबद्दल एक प्रश्नही हातात देतं, तेव्हा ते संशोधकाच्या कामाचं असतं.

अजून एक कोडं. साध्या अँटिहिस्टामिनची सवय होते. २००२ मध्ये रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी निरोगी पुरुषांना डायफेनहायड्रामिन ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं. पहिल्या दिवशी गुंगी आली आणि चौथ्या दिवसापर्यंत प्लासिबोत आणि त्यात फरक उरला नाही. मग डॉक्सेपिनचा परिणाम १२ आठवडे कसा टिकला? डोसची वेळ (दिवसा विरुद्ध फक्त रात्री), निवडकपणा आणि निरोगी विरुद्ध निद्रानाश असलेले लोक, असे तीन फरक दोन्ही अभ्यासांत एकदम आहेत, त्यामुळे कारण वेगळं काढता येत नाही. दोन पेपरची थेट तुलना करायचा मोह होतो तेव्हा असे फरक आधी मोजायचे असतात.

अमेरिकेतल्या 'बीअर्स निकष' या वृद्धांसाठी टाळायच्या औषधांच्या यादीतही डॉक्सेपिन ६ मिलिग्रॅमच्या वर असेल तर टाळा असं म्हटलंय. ६ आणि त्याखाली ते त्या यादीत येत नाही. एकाच रेणूचं नाव एका डोसला काळ्या यादीत आणि दुसऱ्या डोसला बाहेर.

आता आपल्याकडची अडचण. भारतात डॉक्सेपिनची १०, २५ मिलिग्रॅमची कॅप्सूल असते. ट्रायल झाल्या ३ आणि ६ च्या. १० हा आकडा दिसायला जवळचा आहे, पण तुमच्या हातात असलेल्या पुराव्याच्या बाहेरचा आहे. कॅप्सूल उघडून पावडर अंदाजाने वाटायचा घरगुती प्रयोग तर मुळीच करायचा नाही.

ट्रॅझोडोन: सगळ्यांत जास्त लिहिलं जाणारं, कमी तपासलेलं

ट्रॅझोडोन इटलीतल्या अँजेलिनी कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात तयार झालं, अमेरिकेत १९८१ ला नैराश्यासाठी मंजूर झालं. झोपेसाठी ते २५ ते १०० मिलिग्रॅममध्ये दिलं जातं. सेरोटोनिनचा ५-एचटी-२ए रिसेप्टर, अल्फा-१ आणि एच-१, तिन्ही अडवतं. अर्धायुष्य तुलनेने कमी, त्यामुळे सकाळचं जडपण कमी असेल असा तर्क.

त्याचा झोपेवरचा सगळ्यांत जास्त चर्चिला गेलेला अभ्यास वॉल्श आणि सहकाऱ्यांचा, १९९८ चा. ट्रॅझोडोन ५० मिलिग्रॅम, झोल्पिडेम १० मिलिग्रॅम आणि प्लासिबो, दोन आठवडे. पहिल्या आठवड्यात दोन्ही औषधांनी झोप लवकर लागली असं लोकांनी सांगितलं, झोल्पिडेमने जरा जास्तच. दुसऱ्या आठवड्यात ट्रॅझोडोन आणि प्लासिबो यांच्यात फरक उरला नाही.

आता इथे थांबून विचार करा. ट्रॅझोडोनची ताकद संपली म्हणून फरक उरला नाही, की प्लासिबो गट सुधारत सुधारत तिथपर्यंत आला म्हणून? निद्रानाशाच्या ट्रायलमध्ये दुसरी शक्यता नेहमी असते. लोक ट्रायलमध्ये नाव नोंदवतात तेच मुळी झोप सगळ्यात वाईट असताना. त्यानंतर काहीही केलं नाही तरी सरासरीकडे परत येतातच. वर रोज झोपेची डायरी भरायची म्हणून वेळेवर झोपायला लागतात, डॉक्टर विचारपूस करतात. 'फरक उरला नाही' एवढं वाचून पुढे जाऊ नका. दोन्ही गटांच्या रेषा आलेखावर कुठून कुठे गेल्या ते बघा. मी जर्नल क्लबमध्ये कुणी नुसती पी-व्हॅल्यू वाचून दाखवली की हाच प्रश्न विचारते, त्यामुळे मी तिथे फारशी लोकप्रिय नाही.

अमेरिकन अॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत निद्रानाशासाठी ट्रॅझोडोन वापरू नये असं सुचवलं आणि डॉक्सेपिन मध्येच जाग येण्याच्या तक्रारीसाठी वापरता येईल असं सुचवलं. दोन्ही शिफारसी 'दुबळ्या' या वर्गातल्या, म्हणजे पुरावा पातळ आहे, रुग्णाप्रमाणे निर्णय बदलू शकतो. तरी प्रत्यक्षात चित्र उलटं: ट्रॅझोडोन धडाधड लिहिलं जातं आणि डॉक्सेपिन क्वचित.

पुरावा नसताना सवय कशी लागली?

वॉल्श आणि श्वाइट्झर यांनी अमेरिकेतल्या १९८७ ते १९९६ या काळातल्या प्रिस्क्रिप्शनांचा हिशेब काढला होता. त्या काळात झोपेच्या नेहमीच्या गोळ्यांचा वापर निम्म्याहून जास्त घटला आणि झोपेसाठी अँटिडिप्रेसंट देण्याचं प्रमाण १४६ टक्क्यांनी वाढलं. नवा काही मोठा शोध लागला नव्हता. बेंझोडायझेपिनची भीती वाढली होती: सवय लागते, सोडताना त्रास होतो, वृद्ध पडतात, सरकारी नियम कडक. डॉक्टरला रिकाम्या हाताने तर पाठवता येत नाही. मग जे हाताशी आहे, गुंगी आणतं आणि सवय लावत नाही, ते द्यायचं.

कॅनडातल्या क्वेबेकमधला २०१६ चा एक अभ्यासही याच्या जोडीने वाचण्यासारखा आहे. तिथे डॉक्टर प्रिस्क्रिप्शन लिहिताना कारणही नोंदवत होते, जे जगात फार कमी ठिकाणी होतं. २००६ ते २०१५ मधल्या अँटिडिप्रेसंट प्रिस्क्रिप्शनांपैकी ५५ टक्केच नैराश्यासाठी होती. निद्रानाशासाठी सुमारे १० टक्के.

आपल्याकडेही तोच रेटा आहे असं मला वाटतं. २०१४ पासून अल्प्राझोलम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. विकली की केमिस्टने वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि ती तीन वर्षं ठेवायची. अमिट्रिप्टिलिन साध्या शेड्यूल एच मध्ये. चिठ्ठी दोन्हींना लागते, पण एकाच्या मागे रजिस्टर आहे आणि दुसऱ्याच्या मागे नाही. वर क्लोरडायझेपॉक्साइड आणि अमिट्रिप्टिलिन एकत्र असलेली गोळीही आपल्या बाजारात जुनी आहे. ती घेणाऱ्या कित्येकांना आपण बेंझोडायझेपिनही घेतोय हे ठाऊक नसतं. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात दोन नावं आहेत का, ते आजच घरी बघा.

अमिट्रिप्टिलिनचा रिकामा रकाना

२०१८ मध्ये कॉक्रेन समूहाने प्रौढांच्या निद्रानाशासाठी अँटिडिप्रेसंट या विषयावरच्या सगळ्या ट्रायलचा आढावा घेतला. २३ ट्रायल, २८०६ सहभागी. निष्कर्ष असा: कमी डोसच्या डॉक्सेपिनने आणि ट्रॅझोडोनने थोड्या काळासाठी झोपेचा दर्जा थोडा सुधारत असावा, पुरावा कमी दर्जाचा. दीर्घकाळ वापरासाठी पुरावा नाही. आणि अमिट्रिप्टिलिनसाठी, इतकं वापरलं जात असूनही, पुरावा नाही.

'पुरावा नाही' चा अर्थ 'चालत नाही' असा नव्हे. एच-१ अडवणारं औषध गुंगी आणणारच. पण गुंगी येणं आणि निद्रानाश बरा होणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट कुणी नीट मोजलीच नव्हती. १९६१ मध्ये बाजारात आलेलं, पेटंट कधीच संपलेलं, काही रुपयांत पट्टी मिळणारं औषध. त्याच्यावर ट्रायल करायला पैसे कोण घालणार? सायलेनॉरवर ट्रायल झाल्या कारण नव्या डोसचं नवं उत्पादन विकायचं होतं. म्हणून आपल्याला डॉक्सेपिनबद्दल जास्त माहीत आहे. आपल्याला काय माहीत आहे याचा नकाशा बराचसा पैशाने आखलेला असतो. यात कट-कारस्थान काही नाही, पण थीसिसचा विषय शोधताना हे डोक्यात असलेलं बरं.

रकाना भरायचं काम शेवटी नेदरलँड्समधल्या जनरल प्रॅक्टिसमध्ये झालं. ड्रीमिंग नावाची ट्रायल: निद्रानाशाचे ८० रुग्ण, एका गटाला मिर्टाझापिन ७.५ ते १५ मिलिग्रॅम, एकाला अमिट्रिप्टिलिन १० ते २०, एकाला प्लासिबो, १६ आठवडे. मोजमाप इन्सोम्निया सिव्हिरिटी इंडेक्सवर. यात सात प्रश्न, प्रत्येकी ० ते ४ गुण, एकूण २८. जास्त गुण म्हणजे जास्त त्रास.

सहाव्या आठवड्याला प्लासिबोशी तुलना केली तर मिर्टाझापिनच्या गटाचे गुण इतके खाली आले की रुग्णालाही फरक जाणवावा. अमिट्रिप्टिलिनचेही खाली आले, संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरले, पण रुग्णाला जाणवण्याइतके म्हणावेत एवढे नाहीत. आणि सहा आठवड्यांनंतरच्या मोजमापांत दोन्हींचा प्लासिबोपेक्षा फायदा टिकलेला दिसला नाही.

या निकालात 'सिग्निफिकंट' या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांपासून स्वच्छ वेगळे झालेले दिसतात. योगायोगाने इतका फरक पडणं अवघड आहे, हा एक अर्थ. इतका फरक पडल्याने माणसाची रात्र बदलते, हा दुसरा. या निर्देशांकावर ६ गुणांची घट जाणवण्याजोगी असं साधारण मानलं जातं. नेटच्या परीक्षेत पहिला अर्थ विचारतात. रुग्णाला दुसऱ्याशी कर्तव्य असतं.

आता थोडी शंका घेऊ. ८० जण तीन गटांत म्हणजे प्रत्येकी साधारण २७. समजा गुणांचं प्रमाणित विचलन ५ आहे. ८० टक्के पॉवर आणि ५ टक्के पातळी धरली तर २७-२७ च्या दोन गटांत सुमारे ३.८ गुणांपेक्षा लहान फरक भरवशाने पकडता येत नाही. म्हणजे सोळाव्या आठवड्याला २ गुणांचा खरा फायदा उरला असेल, तरी ही ट्रायल तो चुकवू शकते. २ गुण पकडायचे तर प्रत्येक गटात ९८ लोक लागतील. दुसरं, ब्लाइंडिंग. अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडं पडतं, मिर्टाझापिनने भूक वाढते. तिसऱ्या दिवशी रात्री उठून पाणी पिणाऱ्याला आपल्याला खरी गोळी मिळालीय हे कळायला संशोधक लागत नाही. आणि झोपेचा दर्जा तर त्यालाच विचारून मोजायचा आहे.

मायग्रेन किंवा मधुमेहामुळे पायांची आग होणाऱ्या रुग्णाला रात्री १० किंवा २५ मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन दिलं आणि त्याची झोप सुधारली, तर तो या सगळ्याला अपवाद ठरतो असं नाही. तो वेगळा प्रश्न आहे. तिथे दुखणं कमी झालं म्हणून झोप आली असेल. निव्वळ निद्रानाशावरचा निष्कर्ष त्याच्यावर लादू नका, आणि त्याचा अनुभव निव्वळ निद्रानाशावर लादू नका.

हॉस्टेलमधली पट्टी

हा भाग लिहायचा नाही असं आधी ठरवलं होतं. पण सेट-नेटच्या आधीच्या महिन्यात रूममेटच्या पट्टीतली एक गोळी मागून घेणं मी इतक्यांदा पाहिलंय की लिहिणं भाग आहे. "दहाचीच तर आहे."

पहिली गोष्ट, ही औषधं रात्रीपुरती राहत नाहीत. डॉक्सेपिनचं अर्धायुष्य सुमारे १५ तास, त्यापासून शरीरात तयार होणाऱ्या नॉरडॉक्सेपिनचं सुमारे ३१ तास. मिर्टाझापिनचं २० ते ४० तास. रात्री ११ ला घेतलेल्या गोळीचा मोठा हिस्सा सकाळी १० च्या पेपरला तुमच्यासोबत हॉलमध्ये बसलेला असतो. ट्रॅझोडोन ५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत दुसऱ्या दिवशी अल्पकाळची स्मृती, शब्द लक्षात ठेवणं आणि तोल यांत थोडी घट दिसल्याचा एक छोटा अभ्यास २०११ चा आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री विकत घ्यायची हीच गोष्ट आहे का, ते तुम्ही ठरवा.

दुसरी, ट्रायसायक्लिक औषधं यकृतातल्या सीवायपी-२डी-६ या एन्झाइमने मोडली जातात. काही लोकांत हे एन्झाइम जन्मतः मंद असतं, आणि फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिनसारखी औषधं ते अडवतात. रूममेटच्या १० मधून तिच्या रक्तात जेवढं चढतं, तुमच्या रक्तात त्याच्या कितीतरी पट चढू शकतं. आणि जास्त प्रमाणात ही औषधं हृदयाची लय बिघडवतात; ट्रायसायक्लिकचा ओव्हरडोस जीवघेणा असतो, म्हणून साठवून ठेवलेली पट्टी ही कुठल्याही हॉस्टेलच्या खोलीत वाईट गोष्ट आहे.

तिसरी, एफडीएने अँटिडिप्रेसंटवर सगळ्यांत ठळक अक्षरातला इशारा २००४ मध्ये लहान मुलांसाठी दिला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला: उपचाराच्या सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, लक्ष ठेवा. हा इशारा नैराश्याच्या डोसच्या अभ्यासांवरून आला, पण तो औषधावर आहे आणि वयोगट आपलाच आहे. शिवाय महिनोन्महिने झोप उडालेली असेल तर मुळाशी नैराश्य किंवा बायपोलर असू शकतं. दुसऱ्याची गोळी घेणाऱ्याला हे कुणी विचारत नाही, आणि बायपोलरमध्ये अँटिडिप्रेसंटने उन्माद उसळू शकतो. झोपेबरोबर जगण्यातलाच रस गेला असेल, तर गोळीचा विचार बाजूला ठेवून आजच डॉक्टरांकडे किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोला.

आणि घरात कुणी ही गोळी वर्षानुवर्षं घेत असेल, तर हा लेख वाचून ती बंद करायला लावू नका. अचानक सोडल्याने झोप पुन्हा बिघडते, मळमळ, अस्वस्थपणा येतो, आणि मग "बघ, गोळीशिवाय होत नाही" हा निष्कर्ष पक्का होतो. डॉक्टरांना विचारा: ही नेमकी कशासाठी चालू केली होती, त्यानंतर कधी तपासून पाहिलं का, आता हळूहळू कमी करता येईल का. साठीच्या पुढच्या माणसाला काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर तेही आठवणीने सांगा. मस्कॅरिनिक रिसेप्टरचा मघाचा ४४ टक्क्यांचा आकडा तिथे दुखतो.

गोळीच्या आधी काय करायचं यावर मतभेद फार नाहीत. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये आणि युरोपियन तज्ज्ञांनी २०१७ मध्ये निद्रानाशासाठी पहिला उपचार म्हणून खास निद्रानाशाची कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी सुचवली. त्यातलं मुख्य काम म्हणजे अंथरुणात घालवायचा वेळ मुद्दाम कमी करणं, उठायची वेळ रोज एकच ठेवणं आणि झोप येत नसेल तर पलंग सोडणं. पहिले दोन आठवडे माणूस चिडचिडा होतो. पण गोळ्यांच्या ट्रायलमध्ये जो टिकाऊपणा दिसत नाही तो इथे दिसतो. अडचण एवढीच की हे करवून घेणारे प्रशिक्षित लोक मोठ्या शहरांतही मोजकेच आहेत, तालुक्याच्या गावी तर नाहीतच. दहा मिनिटांत वीस रुग्ण बघणाऱ्या डॉक्टरने सहा आठवड्यांची थेरपी कुठून द्यायची? तो १० मिलिग्रॅम लिहितो. मी त्याला दोष देऊ शकत नाही.

आपल्याकडे करण्यासारखी ट्रायल माझ्या मते हीच आहे: प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेने मराठीतून दिलेली चार भेटींची थेरपी विरुद्ध अमिट्रिप्टिलिन १०, मोजमाप सहाव्या आठवड्याला आणि पुन्हा सहा महिन्यांनी. ३ गुणांचा फरक पकडायचा, विचलन ५, म्हणजे प्रत्येक गटात ४४. मध्येच सोडून जाणारे २० टक्के धरले तर ५५. दोन गट मिळून ११०. एका जिल्ह्यात होण्यासारखं आहे. ब्लाइंडिंग कसं करायचं हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. कमेंटमध्ये कुणाला काही सुचलं तर लिहा.